व्हीआरएसचा कागद हातात आलाय? सही करण्याआधी हा हिशोब मांडा

रविवारी सकाळी आठलाच दाजी दारात उभे. बेळगावातच अनगोळहून वडगावला सायकल मारत आले होते. खिशातून चार घड्या घातलेला लिफाफा काढला आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं मशीन शॉपला आहेत, तिथं शुक्रवारी दुपारच्या शिफ्टला पगाराच्या स्लिपसोबत हा कागद पन्नाशीतल्या सगळ्यांना वाटला होता. दोन पानं इंग्रजी, एक पान कन्नड. शेवटी ठळक अक्षरांत आकडा : १९,१०,०००. दाजींनी त्याला निळ्या पेनानं गोल केला होता.

"एवढे पैसे एकदम कधी बघितले नाहीत रे. अक्का म्हणते, घेऊन टाका, पोरीचं लग्न उरकू."

"दाजी, यातले तुमचे स्वतःचे किती, आणि कंपनी सोडून जाण्याबद्दल देते ते किती?"

ते गप्प झाले. शेजारी बसलेली माझी बायको म्हणाली, "भाऊजी, आधी तेच विचारा सगळे."

मी एका कारखान्याच्या हिशोब खात्यात बावीस वर्षं काढली. स्वेच्छानिवृत्तीच्या, म्हणजे व्हीआरएसच्या, दोन फेऱ्या तिथं टेबलाच्या पलीकडून बघितल्या. घाईनं सह्या होताना बघितल्या आणि सहा महिन्यांनी तीच माणसं गेटवर येऊन "माझी ग्रॅच्युइटी वेगळी मिळणार होती ना?" असं विचारताना बघितली. तेव्हापासून वाटतं की या कागदाचा हिशोब प्रत्येक घरात मराठीत, एका फुलस्केप पानावर मांडला गेला पाहिजे. दाजींनी परवानगी दिली आहे, म्हणून त्यांचेच आकडे घेतो. वय ५०, निवृत्ती ५८ ला, नोकरी २६ वर्षं, एकूण पगार महिना ३४ हजार, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २० हजार.

आधी तो मोठा आकडा फोडा

व्हीआरएसच्या कागदावरचा एकूण आकडा ही जवळपास नेहमीच बेरीज असते. तिच्यात तुमचा पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मोजून मिळणारी रक्कम, धरलेली असते, शिल्लक रजेचे पैसे धरलेले असतात. हे तिन्ही पैसे तुम्ही उद्या साधा राजीनामा दिलात तरी तुमचेच आहेत. कंपनी त्यात काही उपकार करत नाही. दाजींचे १९ लाख १० हजार आम्ही असे फोडले :

पीएफची शिल्लक ८,१०,०००.
ग्रॅच्युइटी ३,००,०००.
रजेचे ६०,०००.
व्हीआरएसची खरी रक्कम ७,४०,०००.

म्हणजे आठ वर्षं आधी नोकरी सोडण्याची किंमत कंपनीनं लावली आहे ७ लाख ४० हजार. विचार करायचा तो एवढ्याच आकड्यावर. दाजींनी पेन घेतलं, १९ लाखांवर आडवी रेघ मारली आणि खाली ७,४०,००० लिहून त्याला गोल केला. अर्धं काम तिथंच झालं.

ग्रॅच्युइटी स्वतः तपासा, ते सोपं आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. दाजींचं २०,००० × १५ ÷ २६ × २६ म्हणजे बरोबर तीन लाख. कायद्यातली कमाल सीमा २० लाख. इथं एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात मिसळून हिशोब करायचा असतो. एखाद्याचा पगार ३४ हजार आणि मूळ पगार फक्त १२ हजार असेल, तर त्याची ग्रॅच्युइटी १२ वर नव्हे, १७ हजारांवर मोजली पाहिजे. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत मूळ पगार मुद्दाम खाली ठेवायची पद्धत जुनी आहे, त्यामुळे हा फरक बऱ्याच जणांना लाखाच्या घरात लागू होईल.

पीएफचा आकडा कंपनीच्या कागदावरून घेऊ नका. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा आणि प्रत्येक महिन्याची भरणा दिसते का बघा. मधले तीन-चार महिने रिकामे असतील तर कंपनीच्या तब्येतीचा तो सगळ्यात खरा रिपोर्ट आहे. त्याकडे पुढे परत येतो.

कागद आपल्या भाषेत वाचून घ्या

आपल्या सीमाभागात ही पायरी वेगळी सांगावी लागते. योजनेचा कागद इंग्रजीत असतो, नोटीस बोर्डवर कन्नड असतं, आणि वाचणारा माणूस मराठी शाळेत शिकलेला असतो. बोलायचं कन्नड सगळ्यांना येतं, पण कायद्याचं कन्नड वाचणं वेगळं. मग सुपरवायझर तोंडी सांगतो तेच खरं धरलं जातं. सुपरवायझर चांगला माणूस असेलही, पण लेखी कागदापुढं कोर्टात तोंडी शब्द टिकणं अवघड.

म्हणून कागद घरी आणा. शिकलेला भाचा असेल, शेजारचे निवृत्त शिक्षक असतील, त्यांना बसवून ओळ न् ओळ मराठीत लिहून घ्या. कारखान्याचा कामगार हा कायद्याने मोफत विधी साहाय्याला पात्र आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं लिहिलं आहे, त्यासाठी गरिबीचा दाखला लागत नाही. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी करा, वकील मिळतो.

वाचताना शोधायचं काय? सूत्र कोणत्या पगारावर आहे, फक्त मूळ पगारावर की भत्त्यांसकट. दिवसाचा पगार ३० ने भागून काढलाय की २६ ने. पैसे एकरकमी की हप्त्यांत, आणि तारीख काय. अर्ज नाकारायचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय का. बहुतेक वेळा तो ठेवलेला असतो, कारण चांगले सेटर आणि पॅटर्नमेकर त्यांना सोडायचे नसतात.

भागाकाराची गोष्ट किरकोळ वाटते, ती तशी नाही. दाजींच्या कागदावर झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार असं सूत्र आहे. याला गुजरात पॅटर्न म्हणतात. बीएसएनएलच्या २०१९ च्या योजनेतही हेच होतं, आणि ३१ जानेवारी २०२० ला तिथून ७८ हजारांहून जास्त माणसं एका दिवसात बाहेर पडली. दाजींचे २६ गुणिले ३५ आणि ८ गुणिले २५ मिळून १,११० दिवस होतात. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या २० हजारांना ३० ने भागलं तर ७,४०,०००. २६ ने भागलं तर ८,५३,८४६. एका भागाकारात १ लाख १३ हजारांचा फरक. ग्रॅच्युइटीला २६ आणि व्हीआरएसला ३०, असं का, हा प्रश्न युनियनमार्फत लेखी विचारण्यासारखा आहे. युनियन नसेल तर दहा-पंधरा जणांच्या सह्यांनी विचारा. योजना जाहीर झाली म्हणजे ती दगडावरची रेघ झाली असं नसतं. कंपनीला माणसं कमी करायची असतात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत तिचा कान उघडा असतो.

लाख सोडा, महिना धरा

७,४०,००० भागिले उरलेले ९६ महिने : ७,७०८ रुपये. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला सुमारे ४,५६० रुपये व्याज, मुद्दल शाबूत. दाजींचा पगार ३४ हजार. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून अक्काला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे दुसरी नोकरी लागतीयच."

हो, लागतेच. दोन्ही मुलांचं शिक्षण झालंय, घर स्वतःचं आहे आणि घरात दुसरा पगार येतो अशी माणसं सोडली, तर पन्नाशीत व्हीआरएस म्हणजे निवृत्ती नव्हे, नोकरीची बदली असते. म्हणून सही करण्याआधी दुसरी नोकरी शोधा, नंतर नको. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथली चार वर्कशॉप फिरा. कागल आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखी असतील तर फोन करा. तुमच्या हातात काय आहे यावर सगळं ठरतं. सीएनसी सेटर, मोल्डर, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन यांना पन्नाशीतही काम मिळतं, कारण तो हात तयार व्हायला दहा वर्षं लागतात. हेल्पर, पॅकिंग, स्टोअर इथं मात्र मालकाला पंचविशीचा मुलगा कमी पगारात मिळतो. हे ऐकायला वाईट वाटतं, पण सही करण्याआधी ऐकलेलं बरं.

दाजींना मच्छेतल्या एका जॉब शॉपनं, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांची कामं करून देणाऱ्या वर्कशॉपनं, २७ हजार सांगितले. फरक महिना ७ हजार, ९६ महिन्यांचे ६ लाख ७२ हजार. व्हीआरएसचे ७ लाख ४० हजार त्याला जेमतेम पुरतात. आता जे दिसत नाही ते मोजा. कंपनी दाजींच्या पीएफ-पेन्शनला महिना २,४०० भरते, आठ वर्षांचे २ लाख ३० हजार. आठ वर्षांची पुढची ग्रॅच्युइटी ९२ हजार. नव्या ठिकाणी पीएफ नसेल तर एकूण तोटा जवळपास १० लाखांवर जातो, आणि हातात येतात साडेसात. पीएफ असेल आणि भागाकार २६ चा मिळाला, तर पारडं दाजींच्या बाजूनं झुकतं. जुन्या नोकरीत दर वर्षी होणारी पगारवाढ यात धरलेली नाही, तीही ध्यानात ठेवा.

"शेती आहेच की" असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीकडच्या घरांत एक-दोन एकर भात असतंच. घरचा तांदूळ सुटतो हे खरं, पण शेतीचा महिन्याचा पगार होत नाही. मागच्या तीन वर्षांत शेतातून रोख किती आली, बियाणं-खत-ट्रॅक्टर वजा जाता, ते आठवा आणि तेवढंच हिशोबात लिहा.

दोन लेथ घेऊन जॉब वर्क सुरू करायचं स्वप्न मशीन शॉपमधल्या प्रत्येकाचं असतं. माझा त्याला विरोध नाही, बेळगावची निम्मी उद्यमबाग अशाच माणसांनी उभी केली. पण जॉब वर्कची बिलं दोन-तीन महिने थकतात आणि विजेचं बिल थकत नाही. धंदा करायचाच असेल तर पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करा. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने नोंदणी असलेल्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, त्यानंतर व्याज मागता येतं. आणि पहिलं मशीन जुनं घ्या, व्हीआरएसच्या पाव रकमेच्या पुढं जाऊ नका.

नाही म्हटलं तर काय होईल?

हा प्रश्न लोक एकमेकांना कुजबुजत विचारतात, मोठ्यानं विचारत नाहीत. स्वेच्छानिवृत्तीत पहिला शब्द स्वेच्छा आहे. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण उद्या कंपनीनं कामगार कपात केली तर? कायद्याने कपातीची भरपाई प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय नोटीस. पूर्ण ३४ हजार पगार धरला तर दाजींचं ते ४ लाख ४२ हजारांच्या आसपास जातं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत त्याशिवाय १५ दिवसांचं वेतन कौशल्य निधीतून द्यायचं आहे. तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कपातीला आधी सरकारची परवानगी लागते, पूर्वी ही सीमा शंभर होती. म्हणजे दाजींना व्हीआरएसमध्ये कायद्याच्या किमान भरपाईपेक्षा साधारण तीन लाख जास्त मिळताहेत. थांबण्याचा धोका किती, तो या तीन लाखांशी तोलायचा.

तो धोका कंपनीच्या तब्येतीवर ठरतो. पगार ठरल्या तारखेला होतो का? पीएफची भरणा वेळेवर आहे का? कच्चा माल उधारीवर मिळणं बंद झालंय का? हे स्टोअरचा माणूस सांगेल. तिन्ही उत्तरं वाईट असतील तर मी म्हणेन, रक्कम थोडी कमी वाटली तरी घ्या, पण एकरकमी घ्या. बुडत्या कंपनीचे हप्ते म्हणजे पुढच्या तारखेचे चेक. उलट ऑर्डरी भरपूर आहेत, नवी मशीन येताहेत आणि फक्त जुनी जास्त पगाराची माणसं काढून कंत्राटी भरायचीत, अशी कंपनी असेल तर घाई तुम्हाला नाही, त्यांना आहे.

कुणी बदलीची भीती घालत असेल, कोऱ्या कागदावर सही मागत असेल, तर तारीख-वार लिहून ठेवा आणि कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

टॅक्स

कामगाराला इथं फारशी भीती नाही. व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाख करमुक्त असतात, आयुष्यात एकदाच. १९६१ च्या कायद्यात हे कलम १०(१०सी) होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमाचा आकडा बदलला, सवलत आहे. अट अशी की तुमची नोकरी दहा वर्षं झालेली असावी किंवा वय चाळीस पूर्ण असावं, योजना नियमांत बसणारी असावी, रिकामी जागा परत भरायची नसावी आणि तुम्ही त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीत कामाला लागू नये. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि पाच वर्षांहून जास्त नोकरीचा पीएफ करमुक्तच. दाजींचे करपात्र २ लाख ४० हजार आणि वर्षाचा पगार ४ लाख ८ हजार, दोन्ही मिळून नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या खूप खाली. टॅक्स शून्य.

सुपरवायझर आणि स्टाफनं मात्र तारखेकडे बघावं. समजा वर्षाचा पगार १० लाख आणि व्हीआरएस १४ लाख. पाच लाख गेले, ९ लाख करपात्र. मार्चमध्ये कार्यमुक्त झालात तर त्या वर्षाचं उत्पन्न १९ लाख, प्रमाणित वजावटीचे ७५ हजार जाता टॅक्स सेससकट १ लाख ७१ हजार ६००. कार्यमुक्ती एप्रिलमध्ये झाली आणि रक्कम त्या वर्षात पडली, तर दोन्ही वर्षांत उत्पन्न १२ लाखांच्या आत राहून टॅक्स काहीच नाही. नुसता चेक उशिरा घेऊन हे साधत नाही, कार्यमुक्तीची तारीखच पुढं लागते. एक अर्ज करून विचारायला काय हरकत आहे?

पेन्शन, आणि पन्नाशीतली चूक

पीएफसोबतची पेन्शन नोकरी सोडली म्हणून बुडत नाही. दहा वर्षं झालेली असली की हक्क पक्का. पगार कितीही असो, पेन्शन १५ हजारांच्या मर्यादेवर मोजतात, आणि सप्टेंबर २०१४ आधीची वर्षं ६,५०० वर. पुढच्या प्रत्येक वर्षाच्या नोकरीनं पेन्शन महिना साधारण २१४ रुपयांनी वाढते. आठ वर्षं सोडली तर आयुष्यभर महिना १,७०० कमी. नव्या नोकरीत त्याच यूएएन नंबरवर, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या नंबरवर, पीएफ चालू राहिला तर हे नुकसान भरून निघतं.

पन्नास पूर्ण झाली की पेन्शन सुरू करता येते, आणि व्हीआरएस घेतलेले बरेच जण तेच करतात. करू नका. ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापतात. पन्नासाव्या वर्षी सुरू केली तर चौथ्या हिश्शाहून जास्त पेन्शन कायमची जाते. कायमची म्हणजे ५८ झाल्यावरही परत येत नाही.

दवाखाना

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. बीपी-शुगर असलेल्या पन्नाशीच्या माणसाला नवी पॉलिसी काढली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वाट बघावी लागू शकते. म्हणून नोकरीत असतानाच एचआरकडून विमा कंपनीचं नाव घ्या आणि गटाच्या पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा, म्हणजे आधीची वर्षं धरली जातात.

ज्यांचा ईएसआय (कामगार राज्य विमा) चालू आहे, म्हणजे पगार २१ हजारांच्या आत, त्यांच्यासाठी एक फार मोलाची सोय आहे आणि ती कुणी सांगत नाही. किमान पाच वर्षं विमाधारक असाल आणि व्हीआरएस घेतली, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचा दवाखाना चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये. त्यासाठी कागदावर राजीनामा नव्हे, स्वेच्छानिवृत्ती असं लिहिलेलं असलं पाहिजे.

महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतलेला आहे. चांगली गोष्ट आहे, पण तुमचं काम होऊन कार्ड हातात येईपर्यंत घरच्या हिशोबात तिला धरू नका.

जामीनकी

कंपनीची पतसंस्था असते, तिच्यात आपण सभासद असतो, आणि वीस वर्षांत आपण कितीजणांना जामीन राहिलो हे आपल्याला आठवत नाही. व्हीआरएसची रक्कम निघाली की पतसंस्थेचं पत्र हिशोब खात्याला जातं आणि बाकी थेट कापली जाते. स्वतःच्या कर्जाची तर कापतातच, पण ज्याला जामीन राहिलो त्यानं हप्ते थकवले असतील तर तेही आपल्या अंगावर येतात. माझ्या टेबलावर अशा एका माणसाचा हिशोब आला होता, दोन लाख दहा हजार दुसऱ्याच्या कर्जात गेले. चेक हातात घेऊन तो तिथंच खुर्चीवर बसून राहिला. मी पाणी दिलं, ते त्यानं प्यायलं नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी पतसंस्थेत जा आणि दोन गोष्टी लेखी मागा : माझं कर्ज किती, आणि मी कुणाकुणाला जामीन आहे. जामीनकी बदलून घ्यायला कर्जदाराला आत्ताच सांगा, तो अजून नोकरीत आहे तोवर. शेअरची रक्कम आणि लाभांश परत मागायला विसरू नका. गल्लीतल्या सोसायटीतली जामीनकी असेल तर तीही.

पैसे आल्यावर

माझे मामा खानापूर तालुक्यातले, मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर बऱ्याच वर्षांनी गिरणीनं रक्कम देऊन मोकळं केलं. गावी आले तेव्हा घरात रोज पाहुणे. कुणाला बोअर मारायची होती, कुणाला मुलाची फी. दोन वर्षांत सगळं वाटून झालं आणि मामा दुसऱ्याच्या शेतात राखणीला जाऊ लागले. त्यांनी कधी कुणाला दोष दिला नाही. आम्ही लहान होतो, पण ते चित्र गेलं नाही.

पहिले सहा महिने रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेवीत टाका आणि भाऊबंदांना सांगा की अडकवले आहेत. ते खरंच असेल. आपल्याकडे मल्टीपर्पज सोसायट्या गल्लोगल्ली आहेत, पिग्मीवाला ओळखीचा असतो, व्याज दीड-दोन टक्के जास्त देतात. चांगल्या सोसायट्या आहेत, पण एक फरक माहीत असू द्या. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो विमा नाही. आयुष्याची रक्कम एका सोसायटीत ठेवू नका.

५५ ते ६० वयात व्हीआरएस घेतलेल्यांना पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ पूर्ण व्हायच्या आधीच उघडता येते, पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला, कमाल मर्यादा ३० लाख. तीन महिने उलटले की ती वाट बंद. पीएफ काढायची घाई कुणीच करू नये, तो तिथं व्याज कमावत असतो.

अर्ज आणि शेवटचा दिवस

अर्जात "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा" असं एक अक्षर लिहू नका, कुणी मसुदा दिला तरी. लिहायचं ते असं : अमुक तारखेच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली अर्ज करत आहे. राजीनामा लिहिला की करसवलत आणि ईएसआय दोन्ही अडचणीत येतात. अर्ज दिल्यावर मन बदललं तर मंजुरीच्या आधी लेखी मागे घ्या. बँकांच्या व्हीआरएसच्या खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंजुरीआधी अर्ज मागे घेता येतो असं म्हटलं, पण ज्यांनी पैसे उचलले त्यांना परतीची वाट राहिली नाही. आपल्या योजनेत याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

"आता माझं काही येणं नाही" या पावतीवर सही पैसे खात्यात जमा झाल्यावरच. बोनसचा त्या वर्षाचा हिस्सा धरलाय का बघा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज मागता येतं. शेवटच्या दिवशी सेवेचा दाखला, व्हीआरएस मंजुरीचं पत्र, हिशोबाचं पान, नादेय (काही बाकी नाही असा) दाखला, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा एका फाइलीत घाला. पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं भरली की नाही, ते गेटबाहेर पडायच्या आत मोबाईलवर तपासा. ती राहिली तर पुढं पीएफचं काम अडकू शकतं आणि तेव्हा आपलं कुणी ऐकत नाही.

दाजींची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. अक्कानं फुलस्केप पान देवघराच्या फळीवर ठेवलंय. २६ चा भागाकार लेखी मिळाला आणि मच्छेवाल्यानं पहिल्या महिन्यापासून पीएफ कबूल केला तरच अर्ज, असं दोघांनी मिळून ठरवलं आहे. पोरीच्या लग्नाला त्यातले दीड लाखच, हेही त्याच पानावर अक्काच्या अक्षरात लिहिलंय.